वेचणीचं नाव

मयुरीने केलेली वेचणी टीव्हीवर फार देखणी दिसायची. खालून निळा उजेड, वरून पांढरा, मध्ये काचेच्या चौथऱ्यावर उभी केलेली बांबूची काठी आणि काठीच्या टोकाला बारीक कामट्यांचा पंजा. पंजामागे सुतळीच्या जाळीची झोळी. काठी जमिनीवरून पुढे लोटली की मोहफुलं पंजात येतात आणि मागे झोळीत पडतात, माती आणि पाचोळ्याचा चुरा कामट्यांमधून गळून जातो. वेचणाऱ्या बाईला वाकावं लागत नाही. सगळी करामत एवढीच.

पण कुरखेड्याच्या अंगाला मोह वेचणाऱ्या बायांचा जीव त्या एवढ्यातच होता. मोह पहाटेपासून गळतो तो उन्हं चढेपर्यंत. बाया झुंजुमुंजूलाच टोपल्या घेऊन झाडाखाली जातात आणि वाकून, उकिडवं बसून फुलं वेचतात. वाकलेली बाई लांबून बाई दिसत नाही. चरणारं काहीतरी दिसतं. ज्याला तसं दिसतं, तो मागून येतो. सोमारीची धाकटी जाऊ अशीच गेली. शोधायला गेलेल्यांना झाडाखाली तिची अर्धी भरलेली टोपली सापडली, तीही सरळ ठेवलेली, एक फूल सांडलेलं नाही.

सोमारी नाल्यापलीकडच्या गोंडांच्या टोल्यावरची, त्या लहानशा वस्तीतली. नाल्याच्या अलीकडे मयुरीचं गाव, डांबरी रस्ता, शाळा आणि मयुरीचे वडील गुणवंतराव यांची धानाची शेती. सोमारी दर वर्षी त्यांच्या बांधीत धान रोवायला यायची आणि मयुरी लहानपणी फाल्गुनात सोमारीच्या मागे मोहाला जायची. तेवढं नातं दोन्ही घरांना पुरत होतं. पुढे मयुरी नागपुरात वस्तू घडवण्याचं शिकली, सोमारीची जाऊ गेली त्या वर्षी घरी परतली आणि बांबू तासत बसली. गुणवंतरावांना वाटलं, पोरगी झाडू करून राह्यली.

'घडणघर' नावाचा कार्यक्रम होता. नवे नवे कारागीर आपापली वस्तू घेऊन यायचे, परीक्षक ती उलटीपालटी करून बघायचे, घरी बसलेले लोक मोबाईलवरून मत द्यायचे. जिंकणाऱ्याची वस्तू एक मोठी कंपनी कारखान्यात बनवणार आणि दुकानादुकानांत ठेवणार होती. मयुरीला हवं होतं ते हेच. तिच्या हातून एक वेचणी व्हायला आठवडा जायचा, आणि मोहाची झाडं तर साकोलीपासून सिरोंच्यापर्यंत उभी होती. ती भराभर वरच्या फेऱ्यांत गेली. परीक्षकांना तिचं कमी बोलणं आवडलं.

सुरुवातीला वस्तूचं नाव नुसतं 'वेचणी' होतं. मग एका दुपारी मुंबईतल्या थंडगार खोलीत कंपनीची माणसं, कार्यक्रमाची माणसं आणि मयुरी बसली. नाव असं पाहिजे की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा, असं कोणी म्हणालं. वेचणी म्हटलं की भाजी निवडल्यासारखं वाटतं. कोणाच्या तरी तोंडून 'वाघचुकवी' आलं. खोलीतल्या सगळ्या माना डोलल्या. मयुरीचीही डोलली. त्यानंतर काठीवर पिवळे-काळे पट्टे आले आणि पट्ट्यांवर पांढऱ्या रंगात ती ठसठशीत अक्षरं. निवेदक ते नाव घेताना अंमळ थांबायचा, मागून ढोल वाजायचा.

रानात त्याचं नाव घेत नाहीत. धनी म्हणतात, मामा म्हणतात, बहुतेक वेळा नुसतं 'तो' म्हणतात. ज्या घरांना पहाटे झाडाखाली जायचं असतं, ती घरं मोहाच्या हंगामात चुलीपाशीही ते नाव घेत नाहीत. नाव घेतलं म्हणजे हाक गेली, आणि हाक गेली की कोणीतरी ओ देणारच. मयुरीला हे माहीत नव्हतं असं कसं म्हणावं. लहानपणी तीही रानात 'मामा'च म्हणायची. पण शाळेतल्या निबंधात तिने तेच नाव पानभर लिहिलं होतं आणि बक्षीस मिळवलं होतं. शाळा नाल्याच्या अलीकडे, रान पलीकडे. मुंबईची ती थंडगार खोली तर दोन्हीच्याही अलीकडे. तिथे तो शब्द म्हणजे नुसता एक शब्द होता.

शेवटचे तीन जण उरले तेव्हा 'वापर फेरी' आली. वस्तू ज्यांच्यासाठी केली त्यांनी, जिथे वापरायची तिथेच ती वापरायची. नाव पडद्यावर दिसलं पाहिजे. आणि करणाऱ्याने कॅमेऱ्यासमोर उभं राहून सांगायचं, मी अमुक ठिकाणी आहे, ही माणसं माझी वस्तू वापरताहेत. ह्या फेरीवर स्टुडिओत बसलेल्या लोकांची मतं पडणार होती आणि एक जण गळणार होता.

राजदीप नावाचा दिग्दर्शक गाडी घेऊन आला तेव्हा पळस उतरणीला लागला होता आणि मोह ऐन भरात होता. राजदीप सावळा, थकलेला, बोलायला मऊ. प्रत्येक घरात शिरला की आधी फोन चार्जिंगला लावायला खटका शोधायचा. कंपनीने नमुन्यादाखल बनवलेल्या वेचण्यांची मोळी त्याने सोमारीच्या अंगणात उतरवली.

अंगणात चटईवर मोहफुलं वाळत होती. त्यातलीच ओंजळभर बायांनी भुईवर पसरली आणि काठी लोटून पाहिली. एकीने लोटली, मग दुसरीने ओढून घेतली. म्हातारी इसरूबाई म्हणाली, माह्या बुढ्याच्या दाढीतून उवा बी काढन हे. तिची सून म्हणाली, बुढा उभा राह्यला पाह्यजे ना पण. हसणं थांबेना. सोमारीने काठी तळव्यावर आडवी धरून तोल पाहिला, पंजाच्या कामट्या नखाने वाजवल्या आणि मयुरीकडे बघून नुसती मान हलवली. मयुरीला परीक्षकांच्या गुणांपेक्षा ते जास्त वाटलं. राजदीपच्या कॅमेऱ्यात ती मान आली नाही, तो तेव्हा खटका शोधत होता.

मग इसरूबाईने काठीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवत विचारलं, हे काय लिवलं हाये.

सोमारीची मुलगी दुर्गा बारावी झालेली. तिने काठी हातात घेतली, अक्षरांवरून नजर फिरवली. ओठ हलले नाहीत. तिने काठी हळूच भिंतीला टेकवली आणि आईच्या कानाशी जाऊन काही बोलली. सोमारीने बायांकडे पाहिलं. बायांनी आपापल्या हातातल्या काठ्या खाली ठेवल्या, तान्हं मूल ठेवावं तशा जपून. वस्तूवर राग नव्हता. राजदीपने सकाळची वेळ सांगितली, सगळ्यांनी हो म्हटलं, तो खूश होऊन मुक्कामाला गेला. मयुरीने दुर्गाला पाहिलं होतं. पण सकाळपर्यंत काही होईल, असं तिने धरलं. काय होईल, ते तिने धरलं नाही.

सकाळी गाडी टोल्यावर आली तेव्हा बाया निघून गेल्या होत्या. वेचण्या कुंपणाला ओळीने उभ्या होत्या, अक्षरं कुंपणाकडे तोंड करून.

राजदीपला वाटलं, विसरल्या. तो कॅमेरा घेऊन त्यांच्या मागे धावला. तासाभराने परत आला. झाडांखाली वाकलेल्या, उकिडव्या बसलेल्या, टोपल्या भरणाऱ्या बाया त्याला मिळाल्या होत्या, उजेड सोन्यासारखा मिळाला होता, वेचणी मात्र एकीच्याही हातात नव्हती. मयुरी तोवर कुंपणापाशीच उभी होती.

उन्हं चढली, बाया परतल्या. सोमारीने टोपली उतरवली, पाणी घेतलं, मयुरीलाही दिलं.

"वस्तू बेस हाये, पोरी," ती म्हणाली. "पण मी घेऊन नाई जात. तिच्या अंगावर त्याचं नाव लिवलं ना तुनं."

"मी नाई लिवलं. त्यायनं लिवलं."

"तुले इचारलं असन ना?"

मयुरीने पाण्याचा गडवा खाली ठेवला.

"तेच म्हणतो मी. आमी झाडाखाली जीव मुठीत धरून बसतो, अन हातात त्याच्या नावाची काठी. म्हंजे ये बाप्पा, इथी बसलो आमी."

ती हे सांगत होती ते भांडल्यासारखं नव्हे. धानाला पाणी केव्हा सोडायचं हे सांगावं, तसं. बाजूला इसरूबाई फुलं पसरवत गुणगुणत होती. टोल्यावरच्या बायांचं गाणं, लहानपणी मयुरीनेही त्याला साथ केलेली:

मोहाच्या सावलीत बाई, बोल गं हळू हळू,
रानाच्या धन्याचं नाव ओठावर नको घोळू.

राजदीपला सगळं समजावून सांगितलं तेव्हा तो हसला नाही, हे त्याचं चांगलं. त्याने इतकंच म्हटलं की नाव बदलणं त्याच्या हातात नाही. लोक मत देतात ते नावाला. कंपनीने पैसे लावलेत ते नावाला. मग तो नाल्याच्या अलीकडे पलीकडे फिरला आणि तोडगा घेऊन आला. शाळेच्या मागे मोहाचं एक झाड आहे. रस्त्याला लागून असल्यामुळे तिथे फुलं वेचायला कोणी जात नाही, गाडी-घोडी तुडवून टाकतात. त्याखाली फुलं आणून पसरू. कॅमेरा खाली लावला की रस्ता दिसणार नाही, शाळा दिसणार नाही. रानच दिसेल.

मयुरीला वाटलं बाया नाही म्हणतील. बाया लगेच तयार झाल्या. आपला मुलूख झाडीपट्टीचा. सुगी झाली की वडशाहून नाटकांच्या कंपन्या गावोगाव फिरतात, माणसं पहाटेपर्यंत मांडवात बसतात, आणि पडद्यावरचं रान हे रान नसतं हे इथल्या तान्ह्या पोरालाही कळतं. सोमारी म्हणाली, नाटकच हाये तं हातात धरू, पण तोंडानं बोलणार नाई. राजदीप म्हणाला, बोलायचं काम निवेदक करेल.

गावात बातमी पसरली तसे भैयाजी आले. त्यांनी झाडीपट्टीच्या नाटकांत हयातभर खलनायक केला होता आणि आता गुडघे गेल्यामुळे घरी होते. त्यांनी न विचारता दिग्दर्शनाचा अर्धा भार उचलला. बायांना कुठून यायचं, कसं थबकायचं, कान कसे टवकारायचे ते दाखवलं. राजदीपने त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, तरी ते खुर्चीवरून उठून दाखवतच राहिले. गुणवंतरावांनी बैलबंडीतून पाचोळा आणला, तो झाडाखाली अंथरला. ते आदल्या संध्याकाळीच पोरीला म्हणाले होते की एक सकाळ नाटक केल्यानं काही बुडत नाई, जितल्यावर नाव बदलाले सांगजो.  मयुरीची आई चंदा हिने फक्त पोरीच्या ताटातला भात तसाच राहिलेला पाहिला होता.

शाळेला सुट्टी होती. फुलं पसरली गेली. बाया पट्ट्यापट्ट्यांच्या काठ्या घेऊन ओळीने आल्या आणि त्यांनी असं काम केलं की भैयाजींनी दोनदा मान डोलावली. सोमारीने तर कपाळावर नसलेला घाम पदराने टिपला. काठ्या सरसर पुढे जात होत्या, झोळ्या भरत होत्या, पांढरी अक्षरं उन्हात लखलखत होती. राजदीप वाकून पडद्यात बघत होता आणि पहिल्यांदाच त्याला फोनची आठवण नव्हती.

मयुरीचं वाक्य शेवटी होतं. मी उभी आहे माझ्या मोहाच्या रानात. तिने ते एकदा म्हटलं. राजदीप म्हणाला, छान, पण जरा छातीतून येऊ दे. मध्ये एक ट्रक गेला, म्हणून सगळे थांबले. बाया झाडाच्या सावलीला टेकल्या. मयुरी सोमारीपाशी जाऊन बसली आणि तिने विचारलं, समजा मी जिंकले, कंपनीने हजारो काठ्या केल्या, कुरखेड्याच्या दुकानात आल्या, तर घेशील का.

"घेईन ना," सोमारी म्हणाली. "कोंबड्या हाकलाले बेस हाये. लांब बी हाये."

"अन मोहाले?"

सोमारीने तिच्याकडे जरा नवलाने पाहिलं. "मोहाले कशी नेईन? हे तं नाटकातली हाये ना?"

ट्रक गेला होता. धूळ बसत होती. राजदीपने हात वर करून बोलावलं. मयुरी उठली, पण कॅमेऱ्याकडे गेली नाही. ती शाळेच्या पायरीवर बसली, वडलांच्या बंडीत कोयता होता तो मागून घेतला आणि सोमारीच्या हातातली काठी मांडीवर आडवी घेऊन तिचा रंग खरवडायला लागली. आधी अक्षरं, मग पट्टे. रंग चांगल्या प्रतीचा होता, लवकर निघेना.

गुणवंतराव बंडीजवळून बघत होते. ते बैलाच्या मानेखाली खाजवत राहिले. भैयाजींना वाटलं हे नाटकातच आहे आणि ते खालच्या आवाजात म्हणाले, पोरगी बम काम करते.

राजदीप पायरीवर तिच्या शेजारी येऊन बसला.

"मयुरी, हे मी मुंबईला दाखवू शकत नाही," तो म्हणाला. "त्या कोऱ्या काठीला कोणी मत देणार नाही. कशाला देतील? नावच नाही."

"माहीत आहे."

"आत्ता जे झालंय ना, तेवढ्यावर तू शेवटच्या फेरीत आहेस. लिहून देतो. फक्त एक वाक्य राहिलंय."

तिने कोयता थांबवला. राजदीप बरोबर बोलत होता, त्यात शंका नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या काठ्या आल्या. ट्रक भरून. कुरखेडा, धानोरा, नागभीड, मूल. दुकानं, मग घरं, मग कुंपणं. अक्षरं कुंपणाकडे तोंड करून उभ्या. आणि त्यांना ओलांडून पहाटे टोपल्या घेऊन निघालेल्या बाया.

"ते वाक्य खोटं आहे," ती म्हणाली आणि पुन्हा खरवडू लागली.

राजदीपने मुंबईला फोन लावला. तो बराच वेळ झाडाखाली येरझाऱ्या घालत बोलला, मग ऐकत राहिला. परत येऊन त्याने सांगितलं की उद्या दुपारी गाडी निघणार, सकाळ मोकळी आहे, तिला काय करायचं ते करू दे असं ते म्हणतात. आज काढलेलं मात्र तिच्या वाक्याशिवाय वापरता येणार नाही, नियम आहे. कॅमेरा घेऊन येतो म्हणाला, पण त्याचा उपयोग होईल असं तो म्हणाला नाही.

बाकीच्या काठ्या टोल्यावर नेल्या आणि सगळ्यांनी मिळून खरवडल्या. कोणी विळीने, कोणी फुटक्या कौलाने. रंग गेलेला बांबू ओरखड्यांनी भरला होता. इसरूबाईने त्यावर हळद आणि मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल चोळलं, नव्या नांगराला लावतात तसं. मग ती म्हणाली की नाव पुसलं, पण बिननावाची वस्तू घरात कशी ठेवाची, हरवली तं हाक कशी माराची. एकीने 'काठी' सुचवलं, ते बुढ्यांचं म्हणून नाकारलं गेलं. एकीने 'सून' सुचवलं, कारण काम करते आणि बोलत नाई. त्यावर सगळ्या सुनांनी आरडाओरड केली. सोमारीने पंजाच्या कामट्यांवरून आपली बोटं फिरवली आणि 'लांबबोटी' म्हटलं. ते राहिलं.

मयुरीने भीत भीत विचारलं की ते जुनं नाव टीव्हीवर सगळ्यांनी ऐकलंय, त्याचं काय.

"तिथी ते काई बी म्हणोत," सोमारी म्हणाली. "मुंबई लांब हाये. इथून तं नाई गेली ना हाक."

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजूला बाया निघाल्या. मयुरी त्यांच्यात होती. ऐनाच्या आणि तेंदूच्या झाडांमधून पायवाट जाते, पुढे मोहाची झाडं लागतात, ज्याचं त्याचं झाड ठरलेलं. वाटेत एका वळणावर डहाळ्यांची रास आहे, त्याने नेलेल्यांसाठी रचलेली. तिथे प्रत्येकीने एकेक डहाळी मोडून टाकली, सोमारीने दोन टाकल्या, एक जावेच्या आईची म्हणून.  राजदीपने कॅमेरा खाली केला होता. त्याला कोणी तसं सांगितलं नव्हतं.

झाडाखाली बाया उभ्या राहिल्या आणि लांबबोट्या चालायला लागल्या. ओल्या पहाटेत फुलं टपटप पडत होती, पाठीवर, पदरावर, नव्या पंजावर. बाया ताठ होत्या, त्यांची तोंडं समोर होती. त्यांना एकमेकींचे चेहरे दिसत होते, म्हणून बोलणंही वाढलं. इसरूबाईने गाणं धरलं तर ते पार पुढच्या झाडापर्यंत गेलं. दोन कामट्या मोडल्या. एका झोळीची गाठ सुटली. उन्हं वर यायच्या आत टोपल्या भरल्या.

मयुरी बाजूला एका दगडावर बसून बघत होती. तिने ही वस्तू कागदावर पाहिली होती, निळ्या उजेडात पाहिली होती. मोहाखाली आज पाहत होती.  राजदीपने शेवटी कॅमेरा तिच्याकडे वळवला आणि नेहमीचं वाक्य विचारलं, कुठे आहेस तू. तिने सांगितलं, रानात.

मुंबईत पुढे जे झालं ते लवकर झालं. कंपनीच्या माणसांनी सांगितलं की नाव नसलेल्या वस्तूमागे ते उभे राहू शकत नाहीत. परीक्षकांपैकी एक जण तिच्या बाजूने बोलला, पण ते कापलं गेलं. भागात दाखवायला काहीतरी हवं होतं, म्हणून पहिल्या सकाळच्या वाकलेल्या बाया दाखवल्या, सोन्यासारख्या उजेडातल्या. त्यावर निवेदक म्हणाला की ज्या गावासाठी वाघचुकवी घडली, त्या गावानेच ती नाकारली. ढोल वाजला. मयुरी चौथऱ्याशेजारी उभी राहून ते ऐकत होती. मग निकाल आला, ती गळाली. भाग दाखवला जाईपर्यंत कोणाला काही सांगायचं नाही, असा करार होता. ती घरी आली आणि तिने कोणाला काही सांगितलं नाही. चंदाने विचारलंही नाही, गरम भात वाढला.

भाग लागायचा होता त्या संध्याकाळी सोमारीने तिला टोल्यावर बोलावलं. सगळ्या बाया जमल्या होत्या. वाळलेल्या मोहाचा गोड, आंबूस वास घरभर होता. टीव्ही लावला गेला आणि लागल्याबरोबर दुर्गाने आवाज पार बंद केला. मयुरीने तिच्याकडे पाहिलं. दुर्गा म्हणाली की काठीवरचं नाव वाचलं त्या दिवसापासून हा कार्यक्रम त्या असाच बघतात. त्या निवेदकाच्या तोंडाचा काही भरवसा नाही.

मुक्या टीव्हीवर बाया स्वतःला बघून हसल्या. आपली पाठ, आपला पदर, इसरूबाईच्या तोंडातली तंबाखू. दुर्गाने विचारलं की हे तर पहिल्या दिवशीचं, लांबबोटी कुठी हाये. मयुरी म्हणाली, पुढे असन. पुढेही नव्हती. मग निळा उजेड आला, तिघं जण ओळीने उभे. निवेदक लांब काहीतरी बोलला. निळ्या सदऱ्याचा एक मुलगा तोंड झाकून रडायला लागला. मयुरी हसली, तिने हात जोडले, मग वळून त्या मुलाची पाठ थोपटली. वरून चमचमते कागद पडले.

घरात सगळ्या तिच्याकडे वळल्या. सोमारीने तिचा हात धरला.

"जितली ना?"

"नाई, सोमारीबाई. हारली मी."

सोमारीने पडद्याकडे बोट केलं. "तो तं रडून राह्यला."

"तो टिकला म्हून."

"अन तू हासून राह्यली."

"मी गेली म्हून."

 इसरूबाई म्हणाली, टीव्हीवाल्यायचं सगळं उलटं असते. दुर्गा मात्र हसली नाही. तिने विचारलं, मंग कंपनी आता बनवणार नाई का. मयुरी म्हणाली, नाई.  पडद्यावर कसलीशी जाहिरात लागली होती, एक बाई पांढऱ्या भिंतीसमोर तोंड हलवत होती.

सोमारी उठली आणि कोपऱ्यातून एक लांबबोटी घेऊन आली. पंजाच्या दोन कामट्या मोडलेल्या होत्या. तिथे तिने सुतळीने काडी बांधली होती, ओबडधोबड.

"हे टिकत नाई," ती म्हणाली. "अन मोह झाला का टोरी पडन. टोरी बारकी असते, ह्यातून गळून जाईन. पंजा दाट कराले येते का तुले?"

मयुरीने काठी घेतली. कामट्यांमधल्या जागेत तिने करंगळी घालून पाहिली.

"येते," ती म्हणाली. "पण मले एकटीले किती होतीन?"

"किती बी होवोत," सोमारी म्हणाली. "खालच्या टोल्यावरच्या बाया बी मागून राह्यल्या."

पहाटे उठायचं होतं, म्हणून दुर्गाने टीव्ही बंद केला. बाया एकेक करून घराबाहेर पडल्या.